शिवेपल्याडची पोरं

खारवाडीत माणसं फारशी मरत नसत. निदान कागद तरी तसं म्हणत होता, आणि कागदापुढे मेलेल्या माणसाचं काय चालतं?

महिपत नागवेकर हा त्या भागाचा देवी डॉक्टर. डॉक्टर कसला, सरकारी टोचणीवाला. मराठी सात यत्ता आणि वर सहा महिन्यांचं शिक्षण, एवढ्या भांडवलावर त्याच्या खांद्याला खाकी पिशवी आली होती. पण आपल्याकडे हातात सुई आली की माणूस डॉक्टर होतो, त्याला इलाज नाही. रत्नागिरीच्या आसपासची चाळीस गावं त्याच्या वाट्याला होती. हिवाळाभर पायी हिंडायचं, वर्षाच्या आतल्या पोरांच्या दंडावर देवी टोचायच्या आणि जाता जाता पोलीसपाटलाकडची जन्ममृत्यूची वही तपासून खाली सही ठोकायची. काम सरळ होतं. महिपतही सरळ होता, आणि सरळ माणसाचं या जगात जे होतं ते त्याचंही झालं.

एकोणीसशे एकोणतीसच्या डिसेंबरात तो मौजे नांदखोलला आला. नांदखोल म्हणजे वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, आणि उतारावर मिळून तीन वाड्या, आणि खाली खाडीला लागून चौथी, खारवाडी. वरच्या तिन्ही वाड्यांना जांभ्यात खोदलेल्या विहिरी, पाणी गोड आणि गार. खारवाडीत बावीस घरं, माणसं एकशे बत्तीस, आणि त्या सगळ्यांना मिळून एक डबरा. उधाणाला खाडीचं पाणी त्यात शिरे, पावसाळ्यात वरच्या तिन्ही वाड्यांची घाण उतारावरून वाहत येऊन त्यात पडे, आणि उन्हाळ्यात जे उरे ते तोंडात धरवत नसे. पण तेच पीत. न पिऊन करतात काय?

याच वाडीत महिपतची धाकटी बहीण चिमा दिली होती. तिचा नवरा लवू भाटकर मुंबईला गोदीत कामाला, घरी सासू सोनूबाई आणि तीन वर्षांची काशी. काशीच्या आधी एक मुलगा झाला होता, नंतर एक. दोघेही गेले होते.

महिपतने आपली यादी काढली. गेल्या हिवाळ्यात खारवाडीत त्याने सात पोरांना टोचलं होतं. यंदा त्यांतली तीनच पोरं आयांच्या कडेवर दिसली. मग तो वर पाटलाकडे गेला. आप्पा पाटील हा मोठा व्यवस्थित माणूस, वहीवर शाईचा डाग पडू द्यायचा नाही. त्या वहीत खारवाडीचं एकच पोर मेलेलं होतं.

"आप्पानूं, सातांतली तीन हायत, एक मेलं. बाकीची तीन गेली कुठं?"

"वहीत नाय म्हंजे मेली नाय," आप्पा म्हणाला. त्याच्या परीने विषय संपला.

तीन पोरं जिवंत नव्हती आणि मेलेलीही नव्हती. महिपत ती यादी घेऊन माडाखाली बसला, आणि बसल्या बसल्या त्याच्या ध्यानात आलं, की त्या तिघांतलं एक पोर चिमाचं होतं. ते कुठे गेलं हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. ते तळसड्याला गेलं होतं. त्याच्या स्वतःच्या घरी, त्याच्या आईच्या मांडीवर.

सोनूबाईने मग सारं उलगडून सांगितलं, आणि तेही अशा थाटात, की एवढं शिकून याला एवढंही कसं कळत नाही. "पोर हितं ठेवून काय करू बाबा? चार वर्सांमागं गुरवानं कौल लावलान, वाडीचा जागेवाला देव कोपलाय म्हणून सांगितलान. ताप आला, जुलाब लागले, की पोर शिवेभाएर न्यायचा. शीव ओलांडली की त्याचा हात पोचत नाय. सून ज्या गावची त्या गावाक पोर जातां. कायकाय वाचतात. कायकाय नाय वाचत."

खोटं नव्हतं ते. पोर आजोळी गेलं की त्याच्या पोटात आजोळचं गोडं पाणी जाई, आणि चारांतली दोन-तीन पोरं त्या पाण्यावर तरून जात. श्रेय मात्र गुरवाच्या कौलाला. आणि जी वेळेवर पोचत नसत ती आजोळच्या अंगणात मरत. नियम असा की माणूस जिथं मेला तिथं त्याची नोंद. म्हणजे खारवाडीचं पाणी पिऊन मरायचं आणि लागायचं दुसऱ्या गावाच्या हिशोबाला.

हा नियम महिपतला कोणी शिकवायला नको होता. चिमाचा थोरला तळसड्याला गेला तेव्हा तिथल्या पाटलाने कुरकुर केली होती. "पोर तुमच्या बहिणीचं, गाव नांदखोल, मी कशाला लिहू?" तेव्हा महिपतनेच त्याला नियमाचं कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं आणि समोर बसून नोंद करवून घेतली होती. धाकट्याच्या वेळी तर पाटलाने न विचारता लिहिलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

नेमकं त्याच सुमारास जिल्हा बोर्डाचं पत्रक निघालं होतं. ज्या गावात एकोणीसशे सत्तावीस, अठ्ठावीस आणि एकोणतीस या तीन सालांची मृत्यूची सरासरी हजारी तिसाच्या वर असेल, त्या गावाला सरकारी खर्चाने बांधीव विहीर. महिपतने पत्रक चार वेळा वाचलं. नांदखोलची सरासरी भरत होती तेवीस. वरच्या तीन वाड्यांतली खोत, भटजी आणि सुखवस्तू कुळं म्हातारी होऊन सावकाश मरत आणि त्यांच्या दीर्घायुष्याखाली खारवाडी अगदी नीट झाकली जाई. आणि खारवाडीच्या नोंदी तेवढ्या वेगळ्या काढल्या तरी तीन सालांत मृत्यू नऊ. म्हणजे पुन्हा तेवीस! कोणी हौसेने जुळवायचं म्हटलं तरी इतकं जुळलं नसतं.

मग त्याने आपल्या पायांना कामाला लावलं. जानेवारी-फेब्रुवारीत टोचणीच्या फेरीतच त्याने खारवाडीच्या सुनांची माहेरं धुंडाळली. आठ गावं, आठ वह्या. प्रत्येक वहीत बापाचं नाव पाहून, आईला विचारून, पोर कुठून आजारी होऊन आलं ते लिहून घेतलं. सतरा पोरं निघाली. त्यांतली अकरा एकट्या तळसड्याच्या वहीत होती, कारण वाडीतल्या निम्म्या सुना तिथल्याच. नऊ आणि सतरा सव्वीस. एकशे बत्तीस माणसांत तीन सालांत सव्वीस. हजारी सहासष्ट. तो आकडा लिहिताना त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला. वाटलं, आता विहीर होते.

मार्चमध्ये तो कागद घेऊन कचेरीत गेला. आरोग्याचे साहेब घाटावरचे, चष्मा लावणारे, माणूस वाईट नव्हता. त्यांनी कागद पुरता वाचला, हे आधी सांगितलं पाहिजे. कित्येक साहेब तेवढंही करत नाहीत.

"नागवेकर, मेहनत छान केली आहे तुम्ही. पण पत्रकात काय म्हटलंय? मौजे. वाडी नव्हे."

"साहेब, पण मरतात ती वाडीत."

"अहो, वाडीला शिरगणतीत आकडाच नाही. आज तुमची वाडी धरली तर उद्या प्रत्येक खोत आपापली सोयीची वाडी काढून माझ्यापुढे आणील. आणि एकशे बत्तीस माणसांत एक म्हातारी जास्त मेली की तुमचा त्या सालचा आकडा साडेसातांनी उडतो. असल्या आकड्यावर मी वर काय लिहू?"

"म्हातारी नाहीत साहेब. पोरं आहेत."

साहेबांनी पुढचं पान उलटलं. मग म्हणाले, "आणि ही सतरा. ही त्या त्या गावात मेली, त्या त्या गावात लिहिली गेली. वह्या तपासल्या कोणी?" त्यांनी तळसड्याच्या उताऱ्याखालची सही बोटाने दाखवली. सही महिपतचीच होती.

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांवर रागावता तरी येतं. पण हा माणूस खुर्चीतून बोलत असला तरी एकही शब्द चुकीचा बोलत नव्हता, आणि महिपतला राग काढायला जागाच राहिली नाही. तो परत निघाला तो थेट खारवाडीत. चिमा पडवीत बसून काशीला पेज भरवत होती. काशी मामाला बघून ताटलीसकट धावली.

"काय म्हनालान साहेब?" चिमाने विचारलं.

आणि तिथे महिपतचा तोल गेला. दिवसभराचं सगळं त्याने त्या पडवीत ओतलं. "काय म्हणणार? तुम्ही पोरं उचलता नि शिवेपल्याड नेऊन मारता! हितं कोण मेलंच नाय तर विहीर कुठून देणार? आडात नाय तर पोहऱ्यात कुठून येणार? मरायचीच असतील तर हितंच मरू देत. मोजली तरी जातील!"

सोनूबाईने कानावर हात ठेवले. चिमाने काशीचं तोंड पदराने पुसलं आणि ती भावाकडे बघत राहिली, जशी लहानपणी तो शाळेतून येऊन काही नवीन सांगू लागला की बघायची. वाडीपुढचा ओढा ओलांडेपर्यंत महिपतला आपण काय बोललो त्याची लाज वाटली. पण खाडीपलीकडे जायची होडी सुटायची वेळ झाली होती. त्याने मनाशी म्हटलं, पुढच्या खेपेस समजावून सांगू. होडीवाला तर थांबला असता. अर्धा तास कोणासाठीही थांबे तो.

पुढची खेप लवकर आलीच नाही. पावसाच्या तोंडावर केळशीकडे देवीची साथ उठली आणि वरून हुकूम आला, नागवेकरांना तिकडे धाडा. चार महिने तो तिकडच्या घराघरांतून चिखल तुडवत होता. त्याच्या सुईने किती पोरं वाचली असतील, देव जाणे. ती मोजायचा रकाना कुठल्याच वहीत नव्हता.

दिवाळी झाल्यावर तो परतला आणि रिवाजाप्रमाणे आधी नांदखोलच्या पाटलाकडे गेला. आप्पाने विडा पुढे केला आणि वही उघडून दिली. आप्पाचं अक्षर म्हणजे छापील. श्रावण वद्य षष्ठी. काशी लवू भाटकर. वय वर्षे तीन. हगवण. मौजे नांदखोल.

महिपतने ती ओळ पुन्हा वाचली. मग वही मिटली, विडा तसाच ठेवला आणि तो उतार उतरू लागला. आप्पा मागून "सही ऱ्हायली" म्हणून ओरडला.

चिमा डबऱ्यावर होती. तांब्याने गढूळ पाणी वर वर काढून फडक्यातून हंड्यात गाळत होती. भावाला पाहून ती उठली नाही.

"निरोप का धाडला नाहीस?" तो म्हणाला. "तळसड्याला का नेली नाहीस तिला?"

"सासूनं डोली बांधलीन होती. शेजारचे दोगे खांद्याला यायला तयार. मी दारात आडवी बसलंय." ती सावकाश बोलत होती. "गुरव कौल सांगतो, तू कागद सांगतस. तू शिकलेला. माझे दोगे शिवेपल्याड नेले, दोगेही गेले, नि हितं कुणाच्या खिजगणतीत नायत. म्हटला, ही तिसरी. जगली तर हितं जगंल. नि नाय जगली तर..." तिने फडकं पिळलं. "तीन दिवस होती. शेवटी पानी मागत होती. हेच दिलंय."

महिपत डबऱ्याच्या काठावर बसला. खाडीवरून वारा येत होता आणि डबऱ्यातल्या पाण्यावर माडाचा पाला तरंगत होता.

"आप्पा पाटलाकडं मी स्वता गेलंय," चिमा म्हणाली. "म्हटला, नीट लिवा. खारवाडी म्हणून लिवा. तो म्हनाला, वाडीचा रकाना नाय, नांदखोल लिवतो. चालतां ना?"

"चालतं."

"मोजली ना रे तिला?"

पत्रकातली तीन सालं एकोणतीसच्या डिसेंबरात संपली होती. काशी तिसाच्या श्रावणात गेली. मार्चमध्ये तो त्या पडवीत ओरडला तेव्हासुद्धा यादी बंद झालेली होती आणि महिपतला ते ठाऊक होतं. पत्रक त्याने चार वेळा वाचलं होतं. रागात एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात राहिली नव्हती, इतकंच.

"हो," तो म्हणाला. "मोजली."

आयुष्यात तो पहिल्यांदा खोटं बोलला, आणि तेही इतक्या उशिरा की त्याचा कुणाला उपयोग नव्हता.

एकतिसाच्या फेब्रुवारीत विहिरींची यादी लागली. रत्नागिरीच्या बाजूची तीन गावं होती. नांदखोल नव्हतं. तिसरं नाव होतं मौजे तळसडे, लोकसंख्या सहाशे, तीन सालांत मृत्यू छपन्न, सरासरी हजारी एकतीस.

महिपतने भिंतीशी उभ्या उभ्याच वजाबाकी केली. छपन्नांतून अकरा गेले की उरतात पंचेचाळीस, म्हणजे हजारी पंचवीस. अकरा पोरांनी मरून तळसड्याला वर ढकललं होतं. त्या तळसड्याला, जिथे दोन विहिरी आधीच होत्या आणि ज्यांच्या पाण्यासाठीच ती पोरं तिकडे नेली होती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, पण इथे दळणारा चांगला डोळस होता. दळलेल्या पिठाखाली त्याने सहीही केली होती.

त्याने अर्ज केला, की ही विहीर तळसड्याला नको, खारवाडीला द्या. बातमी कचेरीतून गावात यायला दोन दिवस लागले. तळसड्याचे लोक त्याच्या अंगणात जमले. ज्या धाकू म्हाताऱ्याने त्याला कडेवर खेळवलं होतं तो म्हणाला, "आपल्या गावची चालून आलेली विहीर दुसऱ्याला देतंस? बहिणीचं घर मोठं, नि आईचं घर नाय?" आईनेही तोंड फिरवलं. तिला आता वाकून पोहरा ओढवत नव्हता आणि नवी विहीर रहाटाची होणार होती. तिचंही काही चूक नव्हतं. त्या साऱ्या प्रकरणात चूक असा कोणी माणूस महिपतला शेवटपर्यंत सापडला नाही, एका स्वतःखेरीज. अर्जाचं उत्तर दोन ओळींत आलं. मंजूर यादीत फेरफार करता येत नाही.

वैशाखात विहिरीला पाणी लागलं. वीस हातांवर, आणि काय पाणी, नारळाचं फिकं पडावं. बांधकाम झालं, रहाट बसला, पूजा झाली, गावाने गूळखोबरं वाटलं. रागावलेले सगळे आता महिपतच्या पाठीवर थापा मारत होते. आपला माणूस कचेरीत आहे म्हणून हे झालं, असं जो तो सांगत होता. कोणी त्याला हार घालायला आलं तेव्हा तो गोठ्यामागे निघून गेला.

पूजेला माहेरवाशिणी आल्या होत्या, त्यांत चिमाही. दुपारी गर्दी पांगल्यावर ती विहिरीच्या कठड्याशी उभी राहिली. महिपत तिच्याजवळ गेला.

"तळसड्याला कशी रे भेटली ही?" ती म्हणाली. "हितं तर पानी होतां."

तो सांगू शकला असता, की साहेबाची मर्जी. ती मान हलवून गप्प बसली असती. पण एक खोटं त्याच्या छातीवर सहा महिने बसलं होतं आणि दुसऱ्याला जागा नव्हती. त्याने सगळं सांगितलं. छपन्न, अकरा, पंचेचाळीस. बोटांवर मोजून सांगितलं, कारण तिला अक्षर येत नव्हतं पण हिशोब पक्का होता. अकरांत तिचे दोघे होते तेही सांगितलं. आणि यादी काशीच्या आधीच बंद झाली होती, हेही शेवटी सांगून टाकलं.

चिमा खाली पाण्याकडे बघत होती. ती रडेल, ओरडेल, आपल्याला चार शब्द सुनावील याची तो वाट बघत होता. तसं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"म्हंजे ही माझ्या दोगांची विहीर," ती म्हणाली.

"होय."

"ते दोगे लागले कामाला." तिने रहाटाचा दोर हातात घेतला. "नि काशीला मी उगाच ठेवून घेतली."

महिपतने दोर धरायला हात पुढे केला, तिने तो बाजूला सारला. तिने एकटीने पोहरा ओढला, हंडा काठोकाठ भरला, चुंबळ डोक्यावर ठेवून वर हंडा चढवला आणि ती खारवाडीच्या वाटेला लागली. वाट दीड कोसाची होती, आणि शिवेच्या अलीकडेच हंडा हिंदकळून निम्मा होणार होता.